सुटली म्हणायचं राहून गेलं

रविवार, ६ नोव्हेंबर १९३८
इस्पितळ, नागपूर

वहिनी,

वर 'सौभाग्यवती' लिहायले गेलो आणि टाक अडला. दादा ठणठणीत आहे, तुमच्या कपाळी कुंकू आहे, म्हणजे शब्द बरोबरच. पण नवरा नागपुरात आणि बायको सात वर्षांपासून माहेरी, बेसा गावाले, त्यात कोणाचं कसलं सौभाग्य? म्हणून नुसतं वहिनी लिहिलं. रागावू नका. रागावायले तुमच्यापाशी दुसरी कारणं आहेत.

मी कोर्टात नक्कलनवीस झालो, हे तुमच्या कानावर आलं असेल. दिवसभर 'सबब अर्जदाराची विनंती ऐसी की' उतरवत बसतो. तसल्या भाषेत चिठ्ठी लिहिली तं तुम्हाले वाटेल समन्स आलं. म्हणून आपण चुलीपाशी बोलत होतो तसंच लिहितो. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. फुटक्या पाटीवर तुम्हाले वाचायले मीच शिकवलं होतं, तुम्ही भाकरी थापत, मी बाराखडी घोकवत. तेव्हा ही चिठ्ठी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका, मायबाई. नत्थूजी गवळी रोज तुमच्या गावाहून इथं दूध घालायले येतो, त्याच्याच हाती देऊन राहिलो.

तं गोष्ट अशी की माझं पोट फाडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. कोर्टात लिहिता लिहिता असा मुरडा आला की मी टेबलाखाली. उचलून इथं आणलं. डॉक्टर अंबर्डेकर म्हणे अपेंडिक्स असेल. फाडून पाहतात तं अपेंडिक्स बिचारं गुमान बसलेलं, आणि लहान आतड्याचा शेवटचा दीड हात भाग लालभडक, सुजून जाड झालेला. विहिरीवरच्या मोटेची सोंड भिजून कशी ताठ होते, तसा. आतून जायले वाट करंगळीएवढी. डॉक्टर विलायतेत शिकून आले आहेत. ते म्हणाले, ह्या आजारावर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच-सहा वर्षांमागं लिहिलं, आपल्याकडं सगळे याले क्षयच समजतात. मराठीत याले अजून नावसुद्धा नाही. पाहा, आजारही असा काढला की ज्याचं नाव घेऊन शिव्या देता येत नाहीत.

त्या दिवशी मी इतका खचलेला होतो की त्यांनी कापाकापी केली नाही. वरचं चांगलं आतडं मोठ्या आतड्याले जोडून दिलं. म्हणजे अन्न आता वळशानं जाते, आणि दुखरा तुकडा आतच पडून आहे.

आता म्हणतात, ठरव. जोड आहे तसा ठेवायचा तं ठेव, कोणाकोणाचा तुकडा आपोआप निवतो. पण माझा निवून नाही राहिला, रोज संध्याकाळी ताप चढतो, उजवीकडं गोळा लागतो. नाही तं पुन्हा फाडून तो तुकडा कापूनच टाकायचा. त्यात शंभरातले पंधरा-वीस टेबलावरून उठत नाहीत. आणि फारच बिघडलं तं आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून द्यायचं, जन्मभर तिथं फडकी बांधायची. हे ऐकल्यावर मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. कापलं तरी पुन्हा उगवणार नाही अशी हमी देत नाहीत ते. मी म्हणलं, "मग तुम्ही देता तरी काय?" तं हसले आणि म्हणाले, "वाट करून देतो. पोट तुमचं आहे, सही तुमची."

मंगळवारी, पंधरा तारखेले टेबल रिकामं आहे. तोवर सांगायचं आहे.

तुम्ही एकदा येऊन जा. तसं काम काही नाही. सहजच.

मधू

ता. क. आत्याबाई पाहायले आली होती. डॉक्टरले बाजूले घेऊन विचारते, "आत काही सापडलं का जी? केस, सुई, राख?" डॉक्टर म्हणाले, "आतडं सापडलं." हसू आलं तं टाके ओढले.


बुधवार, ९ नोव्हेंबर

वहिनी,

नत्थूजीले खोदून खोदून विचारलं. तो म्हणे, "बाईनं उभ्यानंच वाचली, फडताळात ठेवली आणि म्हैस सोडायले गेली." तोंडानं काही बोलल्या का? "नाही जी." चुलीत टाकली नाही, हे काय कमी आहे? असं मी रात्रीपर्यंत म्हणत होतो. मग वाटायले लागलं, फडताळात तं जुनी पंचांगंही ठेवतात.

इथं मन लागत नाही. या कुशीवर झोपलो तं गोळा दुखतो, त्या कुशीवर झोपलो तं शेजारच्या म्हाताऱ्याची रिकामी जागा दिसते. त्याचं पोट कालच्या आधल्या दिवशी फाडलं होतं. आज त्याची खाट धुऊन उन्हात टाकली आहे. सिस्टर म्हणते, "खिडकीकडं पाहा." खिडकीतून धुतलेली खाटच दिसते.

तुम्ही काहून येत नाही ते मले समजते. घराचा राग आहे. बरोबरच आहे. आत्याबाईची जीभ तुम्हाले ठाऊक. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्यांचं ताट सगळ्यांले वाढलं आणि माझं ताट तुम्ही वेगळं केलं, मऊ भात, वरणावरचं पाणी, आंबिलीचा नितळ घोट. ते तिनं पाहिलं. पदरातून पुडी काढून तुम्ही त्यात काही कालवलं, तेही पाहिलं. आणि त्याच संध्याकाळी मी गडाबडा लोळायले लागलो. मग काय, भगत आला, लिंबू कापलं, "घरातल्याच बाईनं पोटात घातलं" म्हणून मोकळा झाला. दादा शाळेत पोरांले गणित शिकवते, पण त्या दिवशी त्याले दोन आणि दोन पाच वाटले. भर सणात, घरात महालक्ष्म्या बसल्या असताना, त्यानं तुमचं बोचकं बाहेर ठेवलं. तुम्ही तोंडातून ब्र काढला नाही. तेच त्याले कबुली वाटलं.

मी काय करणार होतो? मी तापात होतो. शुद्धच नव्हती मले.

तुम्ही गेल्यावर माझं खाणं बिघडलं ते बिघडलंच. खाल्लं की मुरडा. मग मी एक युक्ती काढली. सोमवार धरला. मग शनिवार, मग गुरुवार. मग एकादशी, चतुर्थी, प्रदोष. पानावर न बसायले उपासासारखं सोयीचं काही नाही, कोणी विचारत नाही काहून. उलट पाया पडतात! कोर्टातला शिरस्तेदार मले 'महाराज' म्हणायले लागला. धरमपेठेत नवीन घर घेतलं तेव्हा शेजारच्या बायका माझ्याकडून मुहूर्त विचारायच्या. घरात कोणाले समजलं नाही की मी देवासाठी नाही, भिऊन उपाशी आहो. तुम्ही असता तं पहिल्याच सोमवारी कान धरला असता.

येऊन जा ना वं वहिनी. पंधरा तारीख जवळ येऊन राहिली.

मधू


शुक्रवार, ११ नोव्हेंबर

वहिनी,

मागची चिठ्ठी खोटी आहे. सगळी नाही. एक ओळ.

मी तापात नव्हतो. शुद्धीत होतो. मधल्या खोलीत, दाराले लागून, सतरंजीवर. भगतानं लिंबू कापलं ते मले ऐकू आलं. दादा तुले "काय घातलं त्याच्या पोटात? बोल!" म्हणून ओरडला ते ऐकू आलं. तू माझ्या दाराकडं पाहिलंस तेही मले फटीतून दिसलं. आणि मी डोळे मिटून घेतले.

आज 'तुम्ही' जमत नाही. नऊ वर्षांचा होतो तेव्हा या घरात तू आली. तेव्हापासून तू तूच होती, 'तुम्ही' तं मी भांडणानंतर शिकलो.

पुडीत बेलफळाचा गर वाळवून केलेली पूड होती. मले ठाऊक होतं. मीच तं ती रोज खात होतो. हिंगण्याच्या वैद्याकडून तू आणायची, माहेरी जाते सांगून. तूच आधी ओळखलं होतं की मक्याचे दाणे, शेंगांच्या शिरा, जाड पोळी खाल्ली की मी परसात जाऊन बसतो, आणि कधी कधी रक्त जाते. मी विसाव्या वर्षात, लाजेनं मेलो होतो. आणि तेव्हा वर्ध्याच्या प्रेमलतेचं स्थळ चालून राहिलं होतं. रक्ताचं समजलं तं क्षय म्हणतील, स्थळ मोडेल, दादाची मान खाली जाईल. म्हणून मी तुझा हात माझ्या गळ्यावर ठेवून शपथ घातली होती ना? आठवते? विहिरीपाशी. "हे कोणाले सांगशील तं माझा गळा." तू म्हणली, "मूर्खा, असली शपथ नको घालू, सोडव." मी नाही सोडवली. लग्न झालं की सोडवतो म्हणलं.

त्या दिवशी दादा ओरडत होता आणि तू दाराकडं पाहत होती, ते यासाठी. तू बोलली असती तं तुझ्या हिशेबानं माझा गळा गेला असता. मी "सुटली" म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. लहान लहान पोरं रस्त्यात खेळताना म्हणतात. आणि मी सतरंजीवर डोळे मिटून, मरायचं सोंग करून, मेल्यापेक्षा वाईट.

प्रेमलतेचं स्थळही मोडलं, आणि कशानं? घरात करणी झाली या बोभाट्यानं! ज्या लग्नापायी तुझं तोंड बांधलं, ते त्याच गोष्टीनं गेलं. देव हसत असेल तं त्याचं काही चुकत नाही.

आणि अजून ऐक, इतकं सांगितलं तं हेही सांगतो. परवा डॉक्टर खाटेपाशी बसून माझी जुनी हकीकत लिहून घेत होते. दादा बाजूले उभा. विचारलं, "इतक्या वर्षांत तुम्हाले बरं कधी होतं?" मी म्हणलं, सन तीस ते एकतीस. "तेव्हा काय खात होते?" मी सांगितलं, मऊ भात, पेज, ताकाची निवळ, साल-बिया काही नाही, बेलाची पूड. डॉक्टर टाक थांबवून म्हणाले, "हे कोणी शिकवलं? वाट एवढी अरुंद असताना हाच आहार आम्ही देतो. हे चाललं असतं तं कदाचित इतक्या लवकर तुंबलं नसतं. कोण वाढत होतं तुमचं ताट?"

वहिनी, दादा माझ्याकडं पाहून राहिला. मी म्हणलं, "असंच, मीच आपला."

दुसऱ्यांदा! पोट फाडून झालं, तरी तोंड उघडत नाही माझं. डॉक्टरनं चुकीची जागा फाडली.

आता मुद्द्याचं. कापायले सांगितलं आणि मी त्या पंधरा-वीसांत निघालो, तं ही गोष्ट ठाऊक असणारी तू एकटीच उरशील, आणि तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल? मेलेल्या दिराच्या नावानं खोटं बोलते म्हणतील. मी मेलो म्हणजे तुझी करणी कायमची खरी झाली. आणि नाही कापलं तं सडत सडत वर्षभर निघेल, तोवर मी अजून शंभर वेळा "मीच आपला" म्हणेन. मी मले ओळखून आहो.

म्हणून तू ये. तू समोर असली तं मी दादाले सांगेन. तुझ्याशिवाय मले होत नाही. हे तुले पुन्हा माझ्या कामाले लावणं आहे, समजते मले. तरी लिहितो.

मधू


रविवार, १३ नोव्हेंबर

वहिनी,

नत्थूजी म्हणे, "बाई म्हणल्या, उत्तर नाही." एवढंच. बरं झालं. तुझ्या पदराआड उभं राहून खरं बोलायले निघालो होतो, सत्तावीस वर्षांचा घोडा.

आज भेटीच्या वेळेले दादा आला, आत्याबाई आली, सोबत मोसंबीचा रस. मी म्हणलं, रस राहू दे, बस. उगाच पाल्हाळ लावला असता तं पुन्हा घसरलो असतो, म्हणून कोर्टात कबुलीजबाब लिहितात तसं नंबर टाकून सांगितलं. रक्त जात होतं. वहिनीले ठाऊक होतं. पुडीत बेल होता. शपथ मी घातली. त्या दिवशी मी जागा होतो.

दादानं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. आत्याबाई मात्र, "म्हणजे मीच खोटी का? लिंबातून लाल निघालं होतं, मी ह्या डोळ्यांनी पाहिलं!" मी म्हणलं, "आत्या, लिंबाले भगतानं आधीच कुंकू लावलं होतं, आणि तुम्ही गप्प बसा, नाही तं माझे टाके तुटतील." सगळा वॉर्ड ऐकून राहिला. समोरच्या खाटेवरचा विणकर म्हणाला, "बरोबर बोलला गा बाबू."

मग दादानं विचारलं, "सात वर्षं, मधू?" मी म्हणलं, "हाव." "रोज माझ्यासमोर जेवायले बसत होता." "बसत नव्हतो, दादा. उपास होते." तेव्हा त्याले उपासांचंही समजलं. रडेल वाटलं. रडला नाही. छत्री घेऊन उठला, उन्हातच, आणि आत्याबाईले इथंच सोडून चालायले लागला. बेसाकडंच निघाला असेल. ही चिठ्ठी उद्या पहाटे नत्थूजीच्या हाती देईन, तुले मिळेल तोवर तो तुझ्या दारात येऊन गेलेला असेल. त्याले पाणी दे किंवा नको देऊ.

सही मी केली. कापायची. आडवं पडूनच केली, म्हणून अक्षर खराब आलं, तं डॉक्टर म्हणाले, "नक्कलनवीस ना तुम्ही?" रक्त लागलं तं दादाचं चालते, तपासून ठेवलं आहे. मंगळवारी सकाळी आठ वाजता.

आणि जे विहिरीपाशी म्हणायचं होतं, सतरंजीवर म्हणायचं होतं, ते आता. आवाज तिथवर येत नाही म्हणून लिहून देतो, सही-शिक्क्यासारखं समज.

सुटली. सुटली. सुटली.

आता कोणालेही काहीही सांग. माझा गळा त्याच्यात नाही.

मधू


सोमवार, १४ नोव्हेंबर
बेसा

मधू,

माझं अक्षर वाकडं आहे. शिकवणारा तसा होता.

तुझे दादा काल दिवेलागणीले आले. पायी आले, पायाले फोड. ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "तू काहून सांगितलं नाही?" मी म्हणलं, "तुम्ही विचारलं कुठं होतं? तुम्ही ओरडले होते." मग भाकरी वाढली ती खाल्ली. सकाळी गाडीनं परत धाडलं.

तू शपथेचं लिहिलं ते खरं आहे आणि नाही पण. पहिलं वर्ष मी तुझ्या गळ्यापायी गप्प होते. दुसऱ्या वर्षी वाटलं, पोट्टा येईल आणि सुटली म्हणेल. रस्त्याकडं पाहत होते. तिसऱ्या वर्षापासून मले त्या घरात कोणाले काही सांगायचंच राहिलं नाही. तुझ्या दादांनीही बोलावलं. मी आता तिथं राहायले येत नाही. इथं माझ्या चार म्हशी आहेत, माझं ताट मी वाढते आणि कोणी पुडी पाहत नाही.

तुझा राग आहे. खूप आहे. तू डोळे मिटले ते मी पाहिलं होतं. ते विसरायले मले सांगू नको.

कापायची सही केली ते चांगलं केलं. वळसा काढून द्यायचा आणि आत सडतं ठेवायचं, ही तुमच्या घराची जुनी खोड आहे. एकदाचं काढून टाक.

ही चिठ्ठी आज संध्याकाळच्या दुधासोबत धाडते, आणि मंगळवारी पहाटे मी नत्थूजीच्या गाडीत बसून निघते. आठाच्या आत येते. तुझ्यासाठी येते, घरासाठी नाही, हे आत्याबाईले आधी सांगून ठेव. बेलाची पूड आणते, डॉक्टरले दाखवून, सगळ्यांदेखत देईन.

आणि ऐक. तुझ्या गळ्यावर माझा हात होता, म्हणून सात वर्षं मी करणीवाली बनून राहिले. इतका महाग गळा आहे तो. तो टेबलावर ठेवून आला तं मी तुले सोडणार नाही.

पेज किती पातळ लागेल ते डॉक्टरले विचारून ठेव.

सत्यवती